पावत्यांची तार

परवा रात्री पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, घरमालक म्हणतोय पुढच्या महिन्यापासून चार हजार जास्त द्या. करार संपायला अजून पाच महिने आहेत. असं मध्येच वाढवता येतं का रे?"

प्रश्न साधा होता. पण मला एकदम आमच्या गिरगावातल्या खोलीतली पावत्यांची तार आठवली, आणि उत्तर द्यायचं सोडून मी भलतंच सांगत बसलो. ती बिचारी ऐकत राहिली. म्हटलं, तेच आता नीट लिहून काढावं.

ज्यांनी जुनी घरं पाहिली आहेत त्यांना ही तार माहीत असेल. खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखी वाकवलेली जाड तार. आलेला कागद टोचायचा आणि खाली सरकवायचा. आमच्याकडे दारामागे दोन होत्या. एक दूध-लाइट-वाण्याची, आणि दुसरी फक्त भाड्याच्या पावत्यांची. दुसरीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. आजोबा (त्यांना घरात सगळेच अण्णा म्हणत) दर महिन्याला मेहताजींकडून पावती घेत, दोनदा वाचत आणि स्वतः टोचत. सगळ्यात खालची पावती १९३९ सालची होती.

१९६७ साली, मी नऊ वर्षांचा असताना, चाळीतल्या सगळ्यांना मालकाचं पत्र आलं. चौदा रुपयांचं भाडं पंचवीस. पुढच्या महिन्यात अण्णा चौदा रुपये घेऊन गेले तर मेहताजींनी ते घेतलेच नाहीत. "पंचवीस असतील तर पावती फाडतो," म्हणाले.

आता इथे थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर अण्णांनी पुढे जे केलं ते कळणार नाही.

भाड्यावर कायद्याने लगाम घालायची कल्पना युद्धातून आली. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ग्लासगोमधल्या कामगार वस्तीतल्या बायकांनी वाढीव भाडं द्यायला साफ नकार दिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. मुंबईतही माणसं वाढत होती आणि घरं वाढत नव्हती. १९१८ साली इथेही भाडेनियंत्रणाचा युद्धकालीन कायदा आला. तो काही वर्षांनी संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९३९ आणि १९४४ साली पुन्हा कायदे झाले. आणि मग आला तो १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा, जो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला आणि पुढे अर्धशतक मुंबईच्या चाळी चालवत राहिला.

या कायद्याच्या पोटात एक तारीख होती, १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी खोलीचं जे भाडं होतं ते 'प्रमाण भाडं'. त्याहून जास्त मागणं बेकायदेशीर. अपवाद मोजके. महापालिकेचा कर वाढला तर तेवढी वाढ, मालकाने काही सुधारणा केली तर तिच्या खर्चाच्या हिशोबाने वाढ, वगैरे. म्हणजे आमच्या खोलीपुरता सगळा प्रश्न एवढाच होता की सप्टेंबर १९४० मध्ये भाडं काय होतं? आणि त्याचं उत्तर दारामागच्या तारेवर, जवळजवळ तळाशी टोचलेलं होतं!

पण नुसतं बरोबर असून भागत नाही, हे अण्णांना कुणीतरी वेळेवर सांगितलं होतं. मालकाने भाडं नाकारलं त्याच आठवड्यात त्यांनी चौदा रुपयांची मनीऑर्डर केली. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. पुढच्या महिन्यात पुन्हा केली, पुन्हा परत आली. परत आलेला प्रत्येक फॉर्म तारेवर गेला. मग ते धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात (आमच्याकडे सगळे 'स्मॉल कॉज' म्हणतात) गेले आणि प्रमाण भाडं ठरवून द्यावं असा अर्ज केला. अर्ज दाखल झाल्यावर कोर्ट आधी तात्पुरती रक्कम ठरवून देतं आणि निकाल लागेपर्यंत ती दर महिन्याला भरायची असते. अण्णा दर महिन्याला गिरगावातून चालत जाऊन ती भरत. पाऊस असला तरी. आजी म्हणायची, "एवढं तर देवळातही जात नाहीत."

दोन वर्षांनी निकाल लागला. भाडं चौदाच, वर महापालिकेच्या करवाढीपोटी सव्वा रुपया. अण्णांनी पेढे वगैरे काही वाटले नाहीत. निकालाची नक्कल घडी करून ट्रंकेत ठेवली आणि मेहताजींकडे जाऊन सव्वापंधरा रुपयांची पावती घेतली.

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती अण्णांच्या शहाणपणाची झाली असती. पण आमच्या समोरच्या खोलीत एक काका राहत. मिलमध्ये होते, सरळ माणूस. त्यांनाही तेच पत्र आलं होतं, त्यांचंही भाडं मालकाने नाकारलं होतं. ते म्हणाले, मी द्यायला गेलो, तो घेत नाही, यात माझा काय दोष? आणि दर महिन्याचे चौदा रुपये ते बिस्किटाच्या डब्यात ठेवू लागले. मनीऑर्डर नाही, अर्ज नाही. वर्षभराने वकिलाची नोटीस आली. थकबाकी भरा, नाहीतर जागा सोडा. त्यांनी ती बाजूला ठेवली. कोर्टात उभं राहिलं की सांगू, पंचवीस हा दरच खोटा आहे.

कायदा असं म्हणत नव्हता. १९४७ च्या कायद्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त थकबाकी झाली आणि नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात ना पैसे भरले, ना प्रमाण भाड्याचा अर्ज केला, तर भाड्याबद्दल वाद आहे असं धरलंच जात नसे. मग न्यायाधीशांच्या हातातही फारसं काही उरत नसे. काकांची बाजू खरी होती, पण ती मांडायची मुदत निघून गेली होती. जप्तीच्या दिवशी बेलिफ आला तेव्हा काकू तो डबा घेऊन दारात उभ्या होत्या. पैसे पूर्ण होते. एक रुपयाही कमी नव्हता. मी ते पाहिलंय, आणि अजून विसरलेलो नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमचं भाडं पुढे तीस वर्षं जवळपास तेवढंच राहिलं. तेवढ्या पैशात जिन्याचा कठडाही दुरुस्त होत नव्हता, आणि मालकाने तो केलाही नाही. जुन्या इमारती इतक्या खचल्या की १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर लावावा लागला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की १९४० च्या आकड्यावर भाडं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात १९४० च्या जागी १ ऑक्टोबर १९८७ आली, तेव्हाच्या भाड्यावर पाच टक्के, आणि दरवर्षी चार टक्के वाढ. थकबाकीच्या नोटिशीनंतर भाडेकरूला आता एक महिना नाही, नव्वद दिवस मिळतात. प्रमाण भाड्याचा अर्ज मात्र अजून तोच, आणि कोर्टही तेच. काकांना हे नव्वद दिवस मिळाले असते तर? असा विचार मी कितीदा केला असेल!

एवढं सगळं ऐकून भाची म्हणाली, "मामा, पण माझं काय?"

तिचं वेगळं आहे. ती अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहते. कायद्याच्या भाषेत ती भाडेकरूच नाही, आणि प्रमाण भाडं तिच्यासाठी नाही. तिच्याजवळ आहे तो नोंदणी केलेला करार. त्यात लिहिलेली रक्कम मुदत संपेपर्यंत मालकाला एकतर्फी बदलता येत नाही. मुदत संपल्यावर मात्र तो काहीही मागू शकतो. अण्णांच्या मागे एक अख्खा कायदा उभा होता, हिच्या मागे चार पानं आणि पाच महिने.

मी तिला एवढंच सांगितलं की करार काढून वाच, मालकाला नम्रपणे लेखी कळव की ठरलेलंच भाडं देईन, आणि एक तारखेला ते बँकेतूनच पाठव. त्याने नाही म्हटलं तरी पाठव. आणि प्रत्येक पावती जपून ठेव.

"पावती? मामा, आता सगळं फोनवरच असतं."

असेल. पण तारेवर टोचल्यासारखं एका जागी ठेव म्हणजे झालं.