खोडलेलें नांव

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा विजेत्यांचीं नांवें लिहितात. संघाची यादी कायम होतांना ज्याचें नांव शेवटच्या क्षणीं खोडलें गेलें, त्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयीन बर्फ-हॉकीचा विख्यात शिक्षक हर्ब ब्रुक्स याच्या कर्तृत्वाचा आरंभ मात्र अशाच एका खोडलेल्या नांवापासून झाला. पुढें दुसऱ्यांचीं नांवें खोडण्याचें अप्रिय काम त्याच्याच हातीं आलें. या दोन प्रसंगांमधील अंतर त्यानें कसें काटलें, हें पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटली कीं हिरवें मैदान डोळ्यांपुढें येतें. बर्फ-हॉकीचा थाट निराळा. पायांत पोलादी पात्यांचे बूट, खालीं आरशासारखा गुळगुळीत बर्फ, आणि चेंडूच्या जागीं रबराची एक कठीण चकती. एका वेळीं प्रत्येक पक्षाचे सहा गडी, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. कॅनडाच्या सीमेस लागून असलेल्या मिनेसोटा राज्यांत हिंवाळ्यांत सरोवरें गोठतात व हा खेळ घरोघर पोंचतो. त्याच राज्यांतील सेंट पॉल शहरीं १९३७ सालीं ब्रुक्सचा जन्म झाला. मिनेसोटा विद्यापीठांत त्यानें मानसशास्त्राचें अध्ययन केलें, आणि खेळाचे धडे जॉन मारियुची या गुरूपाशीं घेतले. त्या काळीं अमेरिकन महाविद्यालयांचे अनेक संघ कॅनडांतून आणलेल्या तरुणांच्या बळावर जिंकत असत. आपल्या मातींतील मुलांस संधि मिळाली पाहिजे, हा मारियुचीचा आग्रह होता. शिष्यानें तो जन्मभर जपला.

१९६० सालीं हिंवाळी ऑलिंपिक कॅलिफोर्नियांतील स्क्वॉ व्हॅली येथें भरलें. अमेरिकन संघाचा शिक्षक जॅक रायली हाहि महाविद्यालयीन शिक्षकच. तो वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमींत शिकवीत असे. बॉब क्लीअरी या हार्वर्डच्या जुन्या खेळाडूस घेण्यासाठीं जागा करणें त्यास भाग पडलें, आणि सामने अगदीं तोंडावर आले असतां ब्रुक्सला घरीं परतावें लागलें. त्या संघानें सुवर्णपदक जिंकलें. ब्रुक्सनें तें यश घरीं बसून पाहिलें. वडिलांनीं सांत्वन तर केलें नाहींच. निवडणाऱ्यांनीं योग्य माणूसच वगळला, असा शेरा मात्र मारला. ही आठवण तो स्वतःच पुढें सांगत असे. १९६४ व १९६८ या दोन्ही ऑलिंपिकांत तो खेळला. परंतु सुवर्णपदक त्याच्या हातीं कधींच लागलें नाहीं.

१९७२ सालीं मिनेसोटा विद्यापीठानें आपला संघ त्याच्या स्वाधीन केला. संघाची दशा त्या वेळीं शोचनीय होती. दोनच वर्षांनीं, १९७४ सालीं, त्या विद्यापीठास राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद पहिल्यानेंच लाभलें. १९७६ व १९७९ सालीं तेंच पद पुन्हां मिळालें. सात वर्षांत तीन अजिंक्यपदें ही कामगिरी लहान नव्हे. आणि ती त्यानें मुख्यतः मिनेसोटाच्या मुलांकडून करवून घेतली, हें विशेष.

त्याची विचारसरणी स्वतंत्र होती. आनातोली तारासोव्ह या रशियन गुरूच्या पद्धतीचा त्यानें बारकाईनें अभ्यास केला होता. प्रतिस्पर्ध्यावर धडका मारून चकती हिसकावण्यापेक्षां, वेगानें जागा बदलीत ती एकमेकांकडे सोंपवीत जावी, हें रशियन खेळाचें मर्म होतें. त्या चपळाईशीं कॅनडाच्या खेळांतील जोमाची सांगड त्यास घालावयाची होती.

१९८० च्या ऑलिंपिकसाठीं संघ बांधण्याचें काम आलें, तेव्हां त्याची खरी कसोटी लागली. निवडलेल्या वीस जणांपैकीं नऊ त्याचे स्वतःचे विद्यार्थी होते, तर चौघे बॉस्टन विद्यापीठाचे. याच दोन विद्यापीठांच्या संघांत १९७६ सालच्या उपांत्य सामन्यांत उघड हाणामारी झालेली! हें वैर मिटवावें कसें? ब्रुक्सनें तोड काढली ती विलक्षणच. तो सर्वांशींच इतका कठोर वागूं लागला कीं, मुलें आपसांतील भांडण विसरून त्याच्याविरुद्ध एक झालीं. सप्टेंबर १९७९ मध्यें नॉर्वेशीं सामना बरोबरींत सुटला. मुलें मनापासून खेळलीं नाहींत असें पाहून त्यानें सामन्यानंतर त्यांस बर्फावरच थांबवून घेतलें, आणि या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवावयास लावलें. दिवे मालवले गेले तरीहि तें धांवणें थांबलें नाहीं.

हें योग्य होतें काय? गुरूनें शिष्यांच्या मनांत धाक भरावा कीं जिव्हाळा, हा वाद आपल्या घराघरांतूनहि चालतो. येथें एवढेंच म्हणतां येईल कीं, ब्रुक्सनें या धाकाची किंमत स्वतः मोजली. ज्यांस त्यानें एकत्र आणलें, त्यांच्या मेळ्यांत त्यास स्वतःला जागा उरली नाहीं. आणि सामन्यांपूर्वीं शेवटचीं नांवें खोडण्याची वेळ आली, तेव्हां न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचा राल्फ कॉक्स हा गुणी खेळाडू वगळला गेला. वीस वर्षांपूर्वीं रायलीनें त्यास जें सांगितलें, तेंच आतां त्यास दुसऱ्या तरुणास सांगावें लागलें. तो प्रसंग फार जड गेला, अशी कबुली त्यानें पुढें दिली. इतरांस तो कठोर दिसला. पण त्या नकाराचा घाव कसा असतो, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक होतें?

पुढील कथा सर्वश्रुत आहे. सोव्हिएत संघ लागोपाठ चार ऑलिंपिक जिंकून आलेला. ९ फेब्रुवारी १९८० रोजीं न्यूयॉर्कमध्यें त्यानें याच मुलांस १०-३ असें लोळविलें होतें. तेरा दिवसांनीं लेक प्लॅसिड येथें त्याच मुलांनीं त्यास ४-३ नें हरविलें. निर्णायक गोल बॉस्टनच्या माइक इरुझिओनीनें केला, तेव्हां दहा मिनिटें उरलीं होतीं. सामना संपतांच सारें सभागृह नाचूं लागलें; ब्रुक्स मात्र त्या गर्दींतून एकटाच आंत निघून गेला. २४ तारखेस फिनलंडवर विजय मिळाला आणि सुवर्णपदक पक्कें झालें.

पुढें तो व्यावसायिक संघांकडे गेला. तथापि १९८६ सालीं तो मिनेसोटांतील सेंट क्लाउड या तुलनेनें लहान महाविद्यालयांत एक हंगाम शिकवावयास आला. जगज्जेत्या शिक्षकानें असें मागें वळावें, यांत मारियुचीच्या शिकवणीचा अंश दिसतो. ११ ऑगस्ट २००३ रोजीं मोटार-अपघातांत त्याचा अंत झाला. ज्या रिंगणांत त्याच्या शिष्यांनीं विजय मिळविला, त्यास २००५ सालीं त्याचें नांव देण्यांत आलें.

एका यादींतून खोडलें गेलेलें नांव अशा रीतीनें दारावर कोरलें गेलें. परंतु त्या दाराखालून जातांना राल्फ कॉक्सचेंहि स्मरण ठेवावें. प्रत्येक यशस्वी यादीखालीं कोणाचें तरी खोडलेलें नांव असतें. आणि निवड करणाऱ्या गुरूनें तें विसरूं नये, हाच या चरित्राचा बोध होय.