क्रिकेटमधील कर्णधारपद आणि सामाजिक अधिकार : विठ्ठल पळवणकर, दि. ब. देवधर व अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

वेगवेगळ्या कालखंडांतील कर्णधारांची तुलना बहुधा जय-पराजयाच्या आकड्यांवरून केली जाते. परंतु कर्णधारपद हे निवड समितीने आणि पर्यायाने समाजाने बहाल केलेले अधिकारपद आहे. ते कोणास मिळाले या प्रश्नाइतकाच ते कोणास नाकारले गेले, हा प्रश्नही इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटला पाहिजे. प्रस्तुत निबंधात महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेल्या तीन कर्णधारांचा या दृष्टीने विचार केला आहे.

१. विठ्ठल पळवणकर : अधिकारासाठीचा लढा

विठ्ठल यांच्या कर्णधारपदाचा इतिहास त्यांचे थोरले बंधू बाळू यांच्यापासून सुरू होतो. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यात दरमहा चार रुपये वेतनावर मैदानाची कामे करीत व गोऱ्या फलंदाजांना सराव देत. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना स्थान मिळाले. खेळताना सवर्ण सहकारी त्यांच्याच हातचा चेंडू हाताळीत. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्या संघाचे कर्णधार मात्र पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग होते.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि नेतृत्व तरुण देवधरांकडे सोपविण्यात आले. निषेध म्हणून विठ्ठल व शिवराम हे बंधू संघाबाहेर पडले. त्यानंतर बाळूंना पुन्हा संघात घेऊन उपकर्णधारपद देण्यात आले. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियन संघाचा पराभव केला. विजयानंतर विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरविण्यात आले. ज्यांचा स्पर्श निषिद्ध मानला जाई, त्यांना समाजाने खांद्यावर घ्यावे, ही घटना धावफलकात नोंदविता येणारी नाही.

२. दि. ब. देवधर : संघबांधणी

संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या देवधरांचे नेतृत्व निर्विवादपणे थोर होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. त्यांच्याच संघातून विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. स्वतः उदाहरण घालून देणे व तरुणांना वाव देणे हे त्यांच्या नेतृत्वाचे विशेष होत. १९२० च्या निर्णयाचा दोष त्यांच्याकडे जात नाही. परंतु जी संधी त्यांना अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाली, ती बाळूंना चाळिशी उलटल्यावरही मिळाली नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

३. अजित वाडेकर : आत्मविश्वासाचे नेतृत्व

१९७१ मध्ये विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. संस्थानिकाच्या जागी बँकेत नोकरी करणारा मध्यमवर्गीय खेळाडू आला. किंग्स्टन येथे पहिला दिवस पावसात वाया गेल्याने सामना चार दिवसांचा झाला आणि फॉलोऑनसाठी १५० धावांची आघाडी पुरेशी ठरली. १७० धावांची आघाडी मिळताच वाडेकरांनी सोबर्स यांच्या संघास पुन्हा फलंदाजीस पाचारण केले. नियमाचे ज्ञान आणि निर्भयता यांचा हा संयोग होता. त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. १९७४ मध्ये मात्र इंग्लंडमध्ये ०-३ असा पराभव झाला व लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाला. त्यानंतर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले.

तुलनात्मक विवेचन :

या तिघांच्या तुलनेस 'अपयशाची किंमत' हा निकष लावता येईल. वाडेकरांवर कठोर टीका झाली. परंतु त्यावरून त्यांच्या जातीच्या नेतृत्वक्षमतेविषयी कोणी निष्कर्ष काढला नाही. देवधरांवरही तशी वेळ येण्याचा संभव नव्हता. विठ्ठल यांच्या पराभवावरून मात्र 'या समाजास नेतृत्व पेलत नाही' असा अर्थ काढला जाण्याचा धोका होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये डावाची सूत्रे हाती असणाऱ्या क्वार्टरबॅक या स्थानापासून कृष्णवर्णीय खेळाडूंना दीर्घकाळ दूर ठेवण्यात आले. डग विल्यम्स यांनी १९८८ मध्ये सुपर बाउल जिंकला, तेव्हा तो असा विजय मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. श्रम करणारे हात चालतात, आज्ञा देणारी वाणी चालत नाही, हा अनुभव दोन्ही समाजांत समान आहे.

निष्कर्ष :

१. नेतृत्वाची तुलना मैदानावर नव्हे, तर निवड समितीच्या दारापासून सुरू व्हावयास हवी.
२. विठ्ठल यांनी अधिकार मिळविला, देवधरांनी संघ घडविला व वाडेकरांनी संघास परदेशात जिंकण्याचा विश्वास दिला. या तीन भिन्न ऐतिहासिक गरजा होत्या.
३. कर्णधारांच्या कोणत्याही यादीत बाळू पळवणकर यांचे नाव नाही. म्हणूनच केवळ यादीवरून लिहिलेला नेतृत्वाचा इतिहास अपूर्ण राहतो.

महाविद्यालयीन संघाचा कर्णधार निवडतानाही आपण गुणवत्ता पाहतो की सवयीने परिचित चेहरा निवडतो, याचा विचार अध्यापकांनी करणे उचित ठरेल.