दृश्यतावर्धक पोशाख : सुरक्षा मानके

रस्ते, लोहमार्ग, विमानतळ, बांधकामे अशा ठिकाणी राबणारी व्यक्ती वाहनचालकास दिवसा, तिन्हीसांजेला व रात्री दिव्यांच्या झोतात वेळीच दिसावी, यासाठी तिच्या पोशाखाचा रंग, उजळपणा, क्षेत्रफळ व टिकाऊपणा ठरवून देणारे नियम.

घटक : या पोशाखात दोन भिन्न प्रकाशीय साधने एकत्र येतात. मूळ कापड अनुस्फुरक असते, म्हणजे ते जंबुपार व निळ्या किरणांचा काही भाग शोषून अधिक लांब तरंगलांबीच्या दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणून ढगाळ हवेत व संधिप्रकाशात ते साध्या रंगापेक्षा उजळ भासते, पण रात्री त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. रात्रीची भिस्त असते ती बोलीत जिला ‘रेडियमची पट्टी’ म्हणतात त्या परावर्तक पट्टीवर. तिच्यातील बारीक काचमण्यांत शिरलेला प्रकाश वळतो, मागच्या धातूच्या थरावर आपटतो व आला त्याच दिशेने परततो. चालकाचे डोळे दिव्यांच्या जवळच असल्याने त्याला पट्टी लखलखीत दिसते, तर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तीच राखाडी वाटते. काही पट्ट्यांत मण्यांऐवजी सूक्ष्म लोलक वापरतात.

आंतरराष्ट्रीय मानक : १९९४ च्या ईएन ४७१ या युरोपीय मानकाची जागा २०१३ मध्ये आयएसओ २०४७१ ने घेतली. पिवळा, नारिंगी-लाल व लाल हे तीनच अनुस्फुरक रंग त्यात मान्य आहेत. पोशाखाचे वर्ग तीन असून अनुस्फुरक कापड पहिल्यात किमान ०.१४, दुसऱ्यात ०.५० व तिसऱ्यात ०.८० चौरस मीटर, तर परावर्तक पट्टी अनुक्रमे ०.१०, ०.१३ व ०.२० चौरस मीटर असावी लागते. पट्टीची रुंदी ५० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. तिसऱ्या वर्गात धडाबरोबर बाह्या किंवा पूर्ण लांबीचे पाय झाकले जाणे आवश्यक असल्याने नुसते बिनबाह्यांचे जाकीट त्यात बसत नाही. हलत्या हातापायांवरील पट्ट्यांमुळे ती आकृती माणसाची आहे हे चालकाला लवकर उमगते, म्हणून ही अट विशेष महत्त्वाची ठरते. नव्या पट्टीचा परावर्तन-गुणांक प्रमाणित कोनात किमान ३३० कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर असावा आणि घासणे, दुमडणे, धुणे व पाऊस यांच्या चाचण्यांनंतरही तो १०० च्या खाली जाऊ नये, असा दंडक आहे. धुलाईची कमाल संख्या लेबलावर दिली असल्यास ती पाळावी लागते. धूळ, तेल व डांबर बसलेला पोशाख वर्ग कायम असूनही निकामी होऊ शकतो, म्हणून खरेदीइतकीच स्वच्छतेची व वेळीच बदलण्याची जबाबदारी मालकाने घ्यावयास हवी.

इतिहास : अमेरिकेत बॉब व जोसेफ स्वित्झर या बंधूंनी १९३० च्या दशकात अनुस्फुरक रंग विकसित केले. ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागात १९६४ मध्ये लोहमार्गावरील कामगारांना नारिंगी जाकिटे चाचणीसाठी देण्यात आली. ब्रिटनच्या रेल्वेत आजही नारिंगी रंगच बंधनकारक आहे; मात्र पिवळा व नारिंगी यांपैकी सरस कोणता याचे उत्तर बव्हंशी परिसराच्या रंगावर अवलंबून मानले जाते.

अन्य देश : अमेरिकेत एएनएसआय/आयएसईए १०७ हे मानक १९९९ पासून असून त्यात रस्त्यावरील, रस्त्याबाहेरील व आपत्कालीन कामे यांनुसार पोशाखाचे प्रकार केले आहेत. भारतात आयएस १५८०९ हे मानक आहे. रस्त्यांच्या कामांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका वापरतात.