तेलाचे कूळ

'पेट्रोलियम' या शब्दात खडक आणि तेल अशी दोन लॅटिन पदे जोडलेली आहेत. १५४६ साली अग्रिकोलाने आपल्या ग्रंथात तो वापरला. आपण 'खनिज तेल' म्हणतो तेव्हा त्याच समजुतीचा अनुवाद करतो : जे खडकात सापडते, ते खडकाचेच. आवर्तसारणीचा कर्ता मेंदेलेयेव यानेही १८७७ मध्ये तेलाला निर्जीव वंशच बहाल केला. भूगर्भात खोल झिरपलेले पाणी लोहाच्या कार्बाइडला भेटते आणि तेल जन्मते, असे त्याचे प्रतिपादन. कल्पना देखणी होती, पण पुरावा उलट निघाला. १९३४ मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड ट्राइब्सला तेलात पॉर्फिरिने आढळली. त्यांची रेणुरचना थेट हरितद्रव्याशी नाते सांगणारी होती. शिवाय ती अतितप्त अवस्थेत टिकत नाहीत; म्हणजे तेल भट्टीत नव्हे, मंद आचेवर शिजले होते.

उथळ समुद्रात, प्राणवायू न पोचणाऱ्या तळाशी, सूक्ष्मजीवांचे अवशेष पुरते कुजत नाहीत. गाळाखाली गाडले जातात. वर थर चढत जातात, गाळाचा शेल होतो, आणि साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला त्या अवशेषांतून तेल सुटू लागते. पाण्याहून हलके असल्याने ते छिद्रांतून, भेगांतून वर सरकते. अभेद्य थर आडवा आला तरच थांबते.

हस्तलिखित जिथे मिळाले तिथेच ते लिहिले गेले, असे पाठचिकित्सक कधी गृहीत धरत नाही. तेलाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात जे तेल शोधले, ते प्रामुख्याने मायोसीन काळातल्या, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकात आहे. त्याचा जन्म मात्र त्याहून कितीतरी जुन्या, खोलगट भागांत साचलेल्या पन्ना शैलसमूहातल्या शेलमध्ये झाला. त्या शेलखाली आहे दख्खनचा काळा पाषाण; ज्याने सह्याद्री घडवला तोच. तिथून उंचवट्याकडे सरकलेले तेल चुनखडकाच्या पोकळ्यांत विसावले, वरच्या शेलने त्याला झाकले. 'बॉम्बे हाय' हे त्याचे माहेर नव्हे, मुक्कामाचे ठिकाण! हे ठरवायला उपयोगी पडतात ते तेलातले जैव रेणू : त्यांची ठेवण मूळ शेलमधल्या रेणूंशी ताडून पाहतात. या पडताळणीची वाट ट्राइब्सनेच खुली केली होती.