हाफकिन यांची मृत लस

श्रोतेहो, पवनीतल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या दंडावरचा देवीच्या लशीचा वण पाहावा. ती लस जिवंत होती. देवीचा सौम्य भाऊबंद अंगात वाढे आणि शरीर शत्रूला ओळखून ठेवी.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी निराळाच मार्ग धरला. जंतू वाढवून उष्णतेने मारायचे आणि तेच टोचायचे! मेलेला जंतू काय करणार, असे कोणीही म्हणेल. पण शरीर जंतूचे रूप ओळखते व त्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवते. मात्र मेलेला जंतू अंगात वाढत नाही, म्हणून ही ओळख लवकर पुसट होई.

लोक टोचणीला भीत. मला ते गैर वाटत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. महिना संपण्याआधी भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी आपणहून पुढे आले.