विमानाने आलेली साखर

2015 साली न्यू जर्सीत माझ्या वहिनीच्या डाव्या मनगटाला नाडी लागेना. नर्सने यंत्र बदललं, मग हात बदलला. उजव्या हाताचं बीपी 150, डाव्याचं 90. वहिनी तेव्हा चौतिशीची. "जुन्या काळचे वैद्य असते तर मला गेलेलीच समजले असते," असं ती नंतर म्हणायची. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

आजाराचं नाव निघालं ताकायासू. 1908 साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र जाळं पाहिलं आणि ते सभेत मांडलं. अशा रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्याच सभेत इतर डॉक्टरांनी सांगितलं. महाधमनीच्या आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंती सुजतात, जाड होतात, रक्ताची वाट अरुंद होते. रुग्ण बहुतेक तरुण बायका, आणि जपानप्रमाणे आपल्या भारतातही पुष्कळ.

अँजिओग्राफीत अरुंद वाट दिसते, पण ती नुकसान होऊन गेल्यावर. भिंतीत आग अजून चालू आहे की विझून नुसता व्रण उरलाय, ते त्यातून कळत नाही. कानशिलाच्या धमनीचा तुकडा कापून तपासता येतो. जिवंत माणसाच्या महाधमनीचा कसा कापणार?

उत्तर ज्या औषधातून आलं ते मुळात मेंदू बघण्यासाठी केलेलं होतं. लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो, जोआना फाउलर, आल्फ्रेड वुल्फ या मंडळींनी ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडला. हेच एफडीजी. हा फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून ऑगस्ट 1976 मध्ये ते विमानाने फिलाडेल्फियाला नेलं. तिथे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात अब्बास अलावींनी ते दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचलं. पेशी ही साखर आत घेतात, पण ती पुढे पचत नाही. तिथेच अडकून चमकत राहते. जी पेशी भुकेली ती जास्त चमकते. मेंदूची, कर्करोगाच्या गाठीची, आणि सुजेच्या जागी जमणाऱ्या मॅक्रोफेजचीही.

यातलं शेवटचं म्हणजे कर्करोगाच्या डॉक्टरांची डोकेदुखी होती: दिसतेय ती गाठ की नुसती सूज? 1990 च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममधल्या लूव्हेनला डॅनियल ब्लॉकमन्स यांच्या गटाने हीच डोकेदुखी कामाला लावली आणि मोठ्या धमन्यांची सूज चित्रात दाखवली. (मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये भारतातलं पहिलं पेट यंत्र आलं ते 2002 साली.) आज चित्र वाचायची एक रीत अगदी साधी आहे: धमनीची भिंत यकृतापेक्षा जास्त चमकते का? स्कॅनआधी निदान सहा तास उपास लागतो. आपला उपास नव्हे, साबुदाण्याची खिचडी चालत नाही!

यंत्र होतं, औषध होतं. पैशाचं घोडं अडलं. जंतुसंसर्ग आणि सूज यांसाठी एफडीजी स्कॅनचे पैसे द्यायचे नाहीत, असा मेडिकेअरचा देशभरचा नियम 2008 पासून होता. तो रद्द झाला 1 जानेवारी 2021 ला. वहिनीचा विमा खाजगी, पण नकाराची भाषा तीच. पत्रं झाली, अपील झालं. तेवढा वेळ थांबणं धोक्याचं होतं, म्हणून डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं. स्टिरॉइडने चमक काही दिवसांतच मंदावते. मंजुरी आली पाच आठवड्यांनी, तेव्हा चित्रात बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आग सुरुवातीला कुठवर पोचली होती, हे आम्हाला कधीच कळलं नाही. मला त्या पाच आठवड्यांचा राग अजून येतो.

2018 मध्ये बेथेस्डाच्या एनआयएचमधून पीटर ग्रेसन यांच्या गटाचा अभ्यास आला. लक्षणं शांत असताना केलेल्या 71 स्कॅनपैकी 41 मध्ये धमन्या चमकत होत्या. ज्यांची चमक जास्त, त्यांचा आजार पुढे जास्त वेळा उलटला. म्हणून चमक दिसली की लगेच औषध वाढवायचं का? स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, संसर्ग सहज जडतात.

गेल्या खेपेला वहिनीच्या डाव्या गळ्याशी थोडी चमक दिसली. तिला स्वतःला काहीच त्रास नाही, रोज तीन मैल चालते. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, डोस वाढवू या की थांबू या? तिने थांबायचं ठरवलं. पुढचा स्कॅन मार्चमध्ये आहे.