मांजराच्या पिलाची शुश्रूषा : तिच्यामागील इतिहास

वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया झालेलें मांजराचें पिलूं संध्याकाळीं टोपलींतून घरीं येतें, तेव्हां पशुवैद्यानें दिलेली चार-सहा सूचनांची एक चिठ्ठीहि त्याच्याबरोबर येते. पिलाला उबेंत ठेवावें. शुद्धीवर आल्यावर थोडथोडें खावयास द्यावें. त्याला टांका चाटूं देऊं नये. त्याच्या खोलींतील जमीन फिनेलनें पुसूं नये. आणि माणसाची वेदनाशामक गोळी त्याला चुकूनहि देऊं नये. वाचणाराला या सूचना किरकोळ वाटतात. परंतु यांतील बहुतेक ओळी कोणत्या ना कोणत्या चुकीच्या समजुतीला हटवून आलेल्या आहेत, आणि त्या समजुतींची किंमत मांजरांनीं मोजलेली आहे.

बैल व घोडे खच्ची करण्याची चाल फार प्राचीन आहे. कारण शेतीला व लष्कराला तिची गरज होती. पशुवैद्यकाचा जन्महि याच गरजेंतून झाला. फ्रान्समधील लियों शहरीं क्लोद बूर्जला यांनीं इ. स. १७६१ सालीं पशुवैद्यकाचें विद्यालय स्थापिलें, तेव्हां त्यांच्यापुढें गुरांच्या सांथी होत्या आणि घोडे होते. लंडनचें विद्यालय १७९१ सालीं निघालें, तेंहि मुख्यतः घोड्यांसाठींच. आपल्याकडे मुंबईस परळ येथें १८८६ सालीं असें विद्यालय सुरू झालें, त्या काळींहि या विद्येचा भर घोड्यांवर व गुरांवर होता. कायद्याची दृष्टि याहून वेगळी नव्हती. ब्रिटिश पार्लमेंटनें १८२२ सालीं जनावरांवरील क्रूरतेविरुद्ध कायदा केला. त्यांत घोडा, गाढव, गाय, बैल व मेंढी यांची नांवें होतीं, मांजराचें नव्हतें.

अशा स्थितींत बोक्याची शस्त्रक्रिया कशी होत असे, हें सांगणें क्लेशदायक असलें तरी आवश्यक आहे. इंग्लंडांतील खेड्यापाड्यांतून बोक्याचें डोकें व पुढचे पाय उंच बुटांत किंवा पोत्यांत कोंबीत, आणि भूल न देतांच क्षणार्धांत काम उरकीत. बूट कशासाठीं ? तर नखांपासून माणसाचें रक्षण व्हावें म्हणून. त्या सर्व व्यवस्थेंत मांजराच्या वेदनेचा विचार नव्हता. विचार होता तो धरणाराच्या हाताचा. भाटीचें वंध्यीकरण करावयाचें म्हणजे पोट उघडावें लागतें. तें तर भूल आणि जंतुनाशन या दोन शोधांवांचून केवळ धाडसच ठरलें असतें.

हे दोन्ही शोध एकोणिसाव्या शतकांत लागले. बोस्टन येथें १८४६ सालीं विल्यम मॉर्टन यांनीं ईथरनें भूल देऊन दाखविली, आणि पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथें जेम्स सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्मचा उपयोग केला. माणसाची वेदना अशा रीतीनें थांबली; परंतु हें सुख मांजरापर्यंत पोंचावयास अर्धें शतक जावें लागलें. लंडनचे पशुशस्त्रवैद्य फ्रेडरिक हॉबडे यांनीं त्या शतकाच्या अखेरीस कुत्र्यांवर व मांजरांवर क्लोरोफॉर्मचा पद्धतशीर उपयोग केला, आणि पशुपक्ष्यांना भूल देण्याच्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९१९ सालीं ब्रिटनमध्यें कायदा होऊन प्राण्यांवरील कांहीं शस्त्रक्रिया भूल दिल्यावांचून करण्यास मनाई झाली.

दुसऱ्या शोधाची कथा अधिक विलक्षण आहे. जोसेफ लिस्टर यांनीं १८६७ सालीं कार्बॉलिक ॲसिडनें जखमा निर्दोष राखण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली, आणि त्यायोगें असंख्य माणसांचे प्राण वांचले. पण जें माणसाला तारक तें मांजराला मारक ठरलें. माणसाचें यकृत अशा द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन तीं शरीराबाहेर घालविण्याच्या योग्यतेचीं करतें. मांजराच्या यकृतांत ही शक्ति अत्यंत अल्प असते. शिवाय मांजर सारें अंग चाटून स्वच्छ करणारें. पंजाला लागलेलें औषध त्याच्या पोटांत गेल्यावांचून राहत नाहीं. आपल्या घरांतील काळें फिनेल हें कार्बॉलिकाच्याच कुळांतलें होय. म्हणून पिलाची खोली स्वच्छ ठेवण्याच्या हौसेनें ज्या गृहिणी जमिनीला फिनेल लावतात, त्या नकळत त्याला विषच देत असतात. साबणाचें पाणी व त्यावर स्वच्छ पाण्याचा हात एवढें पुरे आहे. पॅरासिटामॉलच्या गोळीचीहि हीच गोष्ट. तिनें मांजराच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्तीच नष्ट होते, आणि एक गोळी पिलाचा प्राण घेण्यास पुरते.

मॉर्फिनविषयीं उलट प्रकारची चूक झाली. त्याच्या मोठ्या मात्रेनें मांजर शांत न होतां उन्मत्त होतें, असें दिसून आल्यामुळें या जातीच्या प्राण्याला तसलीं औषधें वर्ज्यच आहेत, अशी समजूत दृढ झाली. माणसाचीं औषधें विषारी, मॉर्फिन निषिद्ध, आणि मांजर तर दुखत असतां ओरडत नाहीं, कोपऱ्यांत निमूट बसतें. तेव्हां त्याला फारसें दुखत नसावें, असा सोयीचा निष्कर्ष निघाला. कॅनडा व ब्रिटन या देशांत १९९० नंतरच्या दशकांत पाहणी झाली, तेव्हां शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यांपेक्षां मांजरांना वेदनाशामक औषधें कमी वेळां दिलीं जात, असेंच आढळलें. यथाप्रमाण मात्रा दिल्यास मॉर्फिनच्या वर्गांतील औषधेंहि मांजराला सुख देतात, हें आतां सिद्ध झालेलें आहे.

मग मुक्या पिलाची वेदना ओळखावी कशी ? या प्रश्नाचें चांगलें उत्तर २०१९ सालीं कॅनडांतील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनीं दिलें. त्यांनीं मांजराच्या चेहऱ्यावरील पांच चिन्हें निश्चित केलीं : कानांची ठेवण, डोळे मिटते घेणें, नाकातोंडाचा ताण, मिशांची स्थिति आणि खांद्यांच्या मानानें डोक्याची उंची. प्रत्येक चिन्हाला शून्य ते दोन गुण. कान बाहेरच्या बाजूस वळून पडलेले, डोळे आक्रसलेले, मुख ताणलेलें, मिशा ताठ व डोकें खालीं असें पिलूं निजलेलें नसून दुखणें सोसीत आहे, हें घरांतील मोठ्या मुलासहि समजण्यासारखें आहे.

लहान पिलांच्या बाबतींत आणखी एक सुधारणा झाली. सहा ते चौदा आठवड्यांच्या पिलांना सुरक्षितपणें भूल कशी द्यावी, यावर अमेरिकेंत १९९३ सालीं निबंध प्रसिद्ध झाले. पिलाचें शरीर लवकर थंड पडतें व त्याच्या रक्तांतील साखर लवकर उतरते, म्हणून मोठ्या मांजराप्रमाणें त्याला रात्रभर उपाशी ठेवणें अपायकारक ठरतें. ऊब आणि लवकर दिलेला थोडासा घास या सूचनांचें मूळ येथें आहे. उबेसाठीं कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून जवळ ठेवावी. उघडी गरम बाटली गुंगींतल्या पिलाला भाजते.

मलमूत्राच्या भांड्याचाहि असाच इतिहास आहे. पूर्वीं त्यांत वाळू किंवा राख घालीत. अमेरिकेंत एडवर्ड लो यांनीं १९४७ सालीं भाजक्या मातीचे कण विकावयास आणले, आणि तीच चाल पुढें सर्वत्र पसरली. परंतु ते कण ओल्या टांक्याला चिकटतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे कांहीं दिवस वर्तमानपत्राचे कपटेच बरे. गळ्यांत घालावयाची कागदी किंवा प्लॅस्टिकची झालर पिलाला आवडत नाहीं, तरी दया येऊन ती काढूं नये. रक्त येणें, टांका उघडणें, सूज वाढणें, श्वास कष्टानें घेणें किंवा दुसऱ्या दिवशींहि अन्नाला तोंड न लावणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास घरगुती उपाय न करितां पशुवैद्यास बोलवावें.

एके काळीं या शस्त्रक्रियेच्या वेळीं मांजराचें डोकें बुटांत झांकून टाकीत. आज त्याच डोक्याकडे, त्याच्या कानांकडे व मिशांकडे लक्ष देऊन पाहावयास शास्त्र सांगत आहे. पिलूं घरीं आलें त्या रात्रीं दर दोन-तीन तासांनीं दिवा मंद करून एकदां त्याच्या चेहऱ्याकडे पाहून यावें. त्याला स्वतःचें दुखणें सांगण्याचें दुसरें साधन नाहीं.